लक्षण भंडाऱ्याचे, निदान कुठले?

धानाची रोवणी आटोपते, बांध्यांमधले पाणी स्थिरावते आणि भंडारा जिल्ह्यातील दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची गर्दी वाढू लागते. दर पावसाळ्याचा हा क्रम आहे. अशाच एखाद्या संध्याकाळी लाखनीजवळच्या एका गावातून पुण्यातील मुलाला आईचा फोन येतो, अशी कल्पना करू या. आई सांगते, चार दिवस झाले, अंगात कणकण आहे, डोके ठणकते, अंग मोडून येते, अन्नावर वासना नाही. मुलगा माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात नोकरीला आहे. दहा वर्षांपूर्वी त्याने गावच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला असता, नाहीतर गुगलवर शोध घेतला असता. आज तो चॅटजीपीटी किंवा जेमिनी यांच्यापैकी एखादा संवादक उघडतो आणि इंग्रजीत टंकतो : वय बासष्ट, स्त्री, चार दिवस ताप, तीव्र डोकेदुखी, अंगदुखी, मळमळ. काय असू शकेल?

काही क्षणांत उत्तर येते. विषाणुजन्य ताप, फ्लू, डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड अशी यादी. भरपूर पाणी, विश्रांती, पॅरासिटामॉल. ताप उतरला नाही तर डॉक्टरांना दाखवा, अमुक तपासण्या करा. भाषा स्वच्छ, स्वर आपुलकीचा. यात चुकीचे असे काहीच नाही. आणि तरीही या उत्तरातून एक गोष्ट निसटलेली असू शकते. आईच्या काखेत किंवा जांघेत, कपड्याच्या शिवणीखाली, सिगारेटचा चटका बसावा तशी एक लहानशी काळी खपली असेल तर? ती दुखत नाही, खाजत नाही. म्हणून आईने ती सांगितली नाही. मुलाला ठाऊक नाही म्हणून त्याने विचारली नाही. आणि यंत्राला रुग्ण पुण्याचा की लाखनीचा हेच कळलेले नसल्याने त्यानेही ती विचारलीच असेल, असे नाही.

ही खपली स्क्रब टायफसची खूण आहे. झुडपांत आणि उंच गवतात राहणाऱ्या माइट नावाच्या सूक्ष्म कीटकाची अळी चावते आणि तिच्यावाटे ओरिएंशिया सुत्सुगामुशी हा जिवाणू शरीरात शिरतो. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी ताप सुरू होतो आणि तो दिसायला इतर कोणत्याही पावसाळी तापासारखाच असतो. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि परिसरात या रोगाची मोठी साथ आली, तेव्हा अनेक शहरी वाचकांनी हे नाव प्रथमच ऐकले. वेळीच ओळखला तर हा रोग डॉक्सिसायक्लिन या जुन्या आणि स्वस्त औषधाने बरा होतो. ओळखायला उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि मेंदूपर्यंत त्याची मजल जाते. पेनिसिलिनच्या जातीची नेहमीची प्रतिजैविके येथे चालत नाहीत. (हे वाचून कोणी औषधांच्या दुकानाची वाट धरू नये. डॉक्सिसायक्लिन कोणाला द्यायचे नाही, हेही डॉक्टरांनाच ठरवायचे असते.) प्रत्येक रुग्णात खपली सापडतेच असेही नाही. परंतु विदर्भात काम केलेला अनुभवी डॉक्टर ऑगस्ट-सप्टेंबरात तापाचा रुग्ण आला की सदरा वर करून काखा पाहतो, तो याचसाठी.

कृत्रिम बुद्धिमत्तेला आपली लक्षणे विचारावीत की विचारू नयेत, यावर सध्या बरीच चर्चा होते. ती बहुधा दोन टोकांना जाते. एकीकडे यंत्र आता डॉक्टरांची जागा घेणार असे म्हणणारे, तर दुसरीकडे त्याला हातही लावू नका असे बजावणारे. लोक विचारणार आहेत, किंबहुना विचारू लागलेच आहेत. तेव्हा ते यंत्र नेमके काय करते आणि त्याला काय दिसत नाही, हे समजून घेणे अधिक उपयोगाचे.

वाचलेले आणि पाहिलेले

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसमोर आले. त्यामागचे तंत्र ज्याला भाषिक प्रारूप म्हणतात त्याचे आहे. अफाट मजकूर या प्रणालीला पुरवला जातो आणि एका शब्दामागून कोणता शब्द येण्याची शक्यता किती, याचा हिशेब ती त्यातून शिकते. ऐकायला हे फारच साधे वाटते. पण मजकूर पुरेसा प्रचंड असला की या हिशेबातून व्याकरण, माहिती आणि तर्कासारखे काहीतरी उभे राहते. २०२३ मध्येच हे संवादक अमेरिकेतील वैद्यकीय परवान्याच्या परीक्षेत उत्तीर्णतेच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचले होते. त्याच वर्षी 'जामा इंटर्नल मेडिसिन' या नियतकालिकात एक तुलना प्रसिद्ध झाली. रुग्णांनी विचारलेल्या १९५ प्रश्नांना डॉक्टरांनी दिलेली आणि यंत्राने दिलेली उत्तरे परीक्षकांसमोर नावाविना ठेवण्यात आली. सुमारे ७९ टक्के वेळा परीक्षकांना यंत्राचे उत्तर अधिक पसंत पडले. सहानुभूतीच्या बाबतीतही यंत्रच सरस ठरले. घाईगर्दीच्या बाह्यरुग्ण विभागात दोन मिनिटे मिळालेल्या कोणालाही या निष्कर्षाचे फारसे आश्चर्य वाटणार नाही.

मात्र या यंत्राने एकही रुग्ण पाहिलेला नाही. रुग्णांविषयी जे लिहिले गेले तेवढेच त्याने वाचले आहे. जगातील वैद्यकीय लेखनाचा फार मोठा भाग इंग्रजीत आहे आणि अमेरिका-युरोपातील रुग्णालयांतून आलेला आहे. आपल्याकडचे अनुभव त्यात येतात ते कोणीतरी चिकाटीने लिहून ठेवले असतील तरच. कोकणात विंचूदंशाने माणसे दगावत, त्यावर महाड परिसरात काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी निरीक्षणे केली, प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला आणि १९८६ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. आज कोणत्याही संवादकाला विंचूदंशाविषयी विचारले तर प्राझोसिनचे नाव यावे, ते या लेखनामुळे. जे ग्रामीण डॉक्टरांच्या केवळ स्मरणात राहिले, ते यंत्राच्या दृष्टीने घडलेलेच नाही.

संगणकाला लीड्स ठाऊक होते

हा प्रश्न आजचा नाही. इंग्लंडमधील लीड्स येथे डी डोम्बल या शल्यचिकित्सकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी पोटदुखीच्या निदानासाठी एक संगणकीय प्रणाली तयार केली. अपेंडिक्स, पित्ताशयाचा दाह, आतड्यांचा अडथळा अशा मोजक्या रोगांची लक्षणे तिला ठाऊक होती. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल थक्क करणारा होता. ३०४ रुग्णांपैकी संगणकाचे निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर आले. सर्वांत अनुभवी डॉक्टरचे ७९.६ टक्के. आता डॉक्टरांची गरज काय, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेलाच असेल. पण तीच प्रणाली इतर शहरांत, इतर देशांत नेल्यावर लीड्समधली अचूकता तिला पुन्हा गाठता आली नाही. पोट सगळीकडे सारखेच; परंतु कोणता रोग किती लोकांना होतो आणि डॉक्टर कोणत्या लक्षणाला काय म्हणतात, हे गावोगावी बदलते. संगणकाला लीड्स ठाऊक होते.

यामागचे गणित सोपे आहे आणि ते एकदा करून पाहण्यासारखे आहे. पुढील आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. समजा, एका रोगात दहापैकी नऊ मुलांचे हातपाय वारंवार दुखतात आणि तो रोग नसलेल्या मुलांपैकीही शंभरात पाच जणांचे दुखतात. आता एका शहरात हजार मुलांमागे एकालाच तो रोग आहे. तेथे हातपाय दुखण्याची तक्रार घेऊन साधारण एकावन्न मुले येतील, त्यांतले जेमतेम एक त्या रोगाचे. दुसऱ्या जिल्ह्यात हजारामागे वीस मुलांना तो रोग आहे. तेथे सुमारे सदुसष्ट मुले येतील आणि त्यांतली अठरा खरोखर रुग्ण असतील. लक्षण तेच, मूल तसेच, दुखणे तसेच. पण पहिल्या ठिकाणी 'वाढीच्या वयातले दुखणे आहे, काळजी नको' हे शहाणपणाचे उत्तर ठरते आणि दुसऱ्या ठिकाणी तेच उत्तर चारांतल्या एका मुलाचा घात करते.

भंडाऱ्याच्या संदर्भात हे उदाहरण कोरडे नाही. विदर्भाच्या पूर्व भागात, म्हणजे नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार जुन्या काळापासून आहे. १९५८ मध्येच नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले होते. या विकारात लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदनांचे झटके येतात. अगदी लहान मुलांत तर हातापायांच्या पंजांना सूज येणे हेच पहिले लक्षण असू शकते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक अपत्याला हा विकार होण्याची शक्यता चारांत एक. वाहकाला स्वतःला बहुधा काहीच त्रास नसतो, त्यामुळे घरात हा विषय असल्याची कल्पनाही अनेकांना नसते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाली आणि तिचा पाया तपासणी हाच आहे. नागपूर-पुण्यात स्थायिक झालेल्या, मूळ पूर्व विदर्भातील कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवावे. आपण पत्ता बदलतो. रक्त बदलत नाही. यंत्राला 'मुलाचे पाय दुखतात' एवढेच लिहिले आणि आजोळ साकोलीचे हे लिहिले नाही, तर यादीत सिकलसेल फार खाली जाईल किंवा येणारच नाही.

पायावरच्या सुजेचेही तसेच. 'एका पायाला सूज, दाबले तर खड्डा पडतो' असे लिहिले की शिरांतील गुठळी, हृदय, मूत्रपिंड यांची चर्चा सुरू होते. ती व्हायलाच हवी. परंतु भंडारा हा हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असलेला जिल्हा आहे आणि तेथे सार्वत्रिक औषधोपचाराच्या मोहिमा होत आल्या आहेत, हे सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही.

आणि मण्यार. माझ्या मते या सगळ्यांत सर्वांत भयंकर उदाहरण तिचेच. पावसाळ्याच्या रात्री जमिनीवर अंथरूण टाकून झोपलेल्या माणसाला मण्यार चावते. दंश इतका बारीक की पुष्कळदा जागही येत नाही, सूज येत नाही, खूण सापडत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, उलटी होते, घसा जड वाटतो. घरच्यांना वाटते रात्रीचे जेवण बाधले. थोड्या वेळाने पापण्या मिटू लागतात, बोलणे अडखळते आणि मग श्वास. पहाटे चार वाजता 'पोट दुखते आहे, उलटी झाली, काय करू' असे यंत्राला विचारले तर अपचन, अन्नातून विषबाधा, आम्लपित्त ही उत्तरे संभाव्यतेच्या हिशेबाने अगदी योग्य आहेत. 'काल रात्री जमिनीवर झोपलो होतो, धानाचे शेत घराला लागून आहे आणि डोळे उघडे ठेवता येत नाहीत' हे तीन तपशील दिले की तो हिशेब उलटतो. तेही द्यावेत ते ओंजळीतल्या फोनला नव्हे तर १०८ ला, हे वेगळे सांगायला नको. प्रतिसर्पविष आणि गरज पडल्यास कृत्रिम श्वासोच्छ्वास यांच्याशिवाय येथे उपाय नाही, आणि प्रत्येक मिनिट मोजके असते.

दुखण्याची भाषा

स्थळाइतकीच अडचण शब्दांची. मराठी माणूस नुसते 'दुखते' म्हणत नाही. त्याला कळ येते, चमक निघते, सणक जाते. गळू ठसठसते, जखम चरचरते, डोके भणभणते, पायांना मुंग्या येतात, पाय भरून येतात. पोटात मुरडा येतो आणि छातीत जळजळते. हे शब्द नुसते अलंकार नाहीत. येऊन-जाऊन येणारी कळ आणि एकसारखी ठसठस यांतला भेद जुन्या डॉक्टरांना निदानाच्या अर्ध्या वाटेवर नेऊन सोडत असे. इंग्रजीत टंकताना मुलगा या सगळ्यांचे एकच 'पेन' करून टाकतो. आईने जे सांगितले त्यातला निम्मा अर्थ लाखनी आणि पुणे यांच्या मध्येच कुठेतरी सांडतो.

मराठीत विचारावे तर दुसरे घोटाळे. आजची यंत्रे मराठी समजतात, बऱ्यापैकी लिहितातही. पण 'पित्त' हा एकच शब्द घ्या. 'पित्त झाले' म्हणजे आम्लपित्त, 'अंगावर पित्त उठले' म्हणजे ॲलर्जीच्या गांधी आणि पुस्तकी अर्थाने पित्त म्हणजे यकृतातून स्रवणारा रस. शब्दशः अर्थ घेतला तर साध्या गांधींचा प्रवास पित्ताशयापर्यंत होऊ शकतो. 'उष्णता वाढली', 'वात धरला', 'बीपी लो झाला' यांचेही तेच. यांतला प्रत्येक शब्द म्हणजे रुग्णाने स्वतःच करून ठेवलेले निदान असते, लक्षण नव्हे. सर्वांत घातक 'गॅस'. छातीत दडपण, डावा हात जड, घाम सुटलेला, आणि तोंडाने मात्र 'गॅस धरला आहे.' डॉक्टर तो शब्द बाजूला सारतो, कारण त्याला समोर घामाने भिजलेला चेहरा दिसतो. यंत्राला फक्त शब्द दिसतात. त्याला 'गॅसवर घरगुती उपाय सांगा' असे विचारले तर ते ओव्याचे पाणी सांगण्याचा संभव आहे. कारण विचारलेल्या प्रश्नाला आज्ञाधारकपणे उत्तर देणे हा त्याचा स्वभाव.

भंडाऱ्यात त्यातही आणखी एक पदर आहे. तेथील खेड्यापाड्यांतली बोली झाडीबोली आहे. साकोलीचे डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांच्यासारख्या अभ्यासकांनी तिचा सांभाळ केला, तिच्यातले साहित्य पुढे आणले. त्या बोलीत 'ण' नाही, आणि प्रमाण मराठीच्या वाचकाला अनोळखी असे शब्द पुष्कळ आहेत. आपल्या दुखण्याविषयी वृद्ध माणूस याच बोलीत बोलणार. तिच्यातला छापील मजकूरच तुटपुंजा आहे, मग यंत्राने वाचला असेल किती? आवाजावरून मजकूर उतरवणारी साधने येथे आणखीच अडखळतात.

शब्दाने किती फरक पडतो, हे ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांच्या एका अभ्यासाने फार स्पष्ट दाखवले आहे. २०२५ मध्ये तो समोर आला. डॉक्टरांनी तयार केलेले दहा काल्पनिक प्रसंग ब्रिटनमधील १,२९८ सामान्य लोकांना देण्यात आले आणि काय झाले असेल, कुठे जावे, हे ठरवायला सांगितले. प्रसंग जसाच्या तसा थेट यंत्रांना दिला तेव्हा त्यांनी जवळजवळ ९५ टक्के वेळा संबंधित रोग ओळखला. पण तीच यंत्रे हाताशी घेऊन माणसे बसली तेव्हा रोग ओळखण्याचे प्रमाण ३५ टक्क्यांच्याही खाली आले. यंत्राची मदत न घेणाऱ्या, आपल्या नेहमीच्या पद्धतीने माहिती शोधणाऱ्या गटापेक्षा त्यांची कामगिरी सरस ठरली नाही. माणसांनी अर्धवट माहिती दिली. यंत्राने बरोबर आणि चूक शक्यता एकत्र मांडल्या. माणसांनी त्यांतून नको ती उचलली. मेंदूतील रक्तस्रावाचा एकच प्रसंग जवळजवळ सारख्या शब्दांत विचारणाऱ्या दोघांपैकी एकाला अंधाऱ्या खोलीत पडून राहण्याचा सल्ला मिळाला आणि दुसऱ्याला तातडीने रुग्णालय गाठण्याचा.

म्हणजे ज्ञान यंत्रात आहे. ते आपल्यापर्यंत येण्याची वाट अरुंद आहे.

दवाखान्यात आपण जे सांगत नाही ते डॉक्टर विचारून काढतो. लघवी कशी होते, घरात कोणाला क्षय होता का, शेतावर गेला होतात का, कोणती गोळी घेता, काल काय खाल्ले. यंत्राने असे उलट प्रश्न विचारावेत यासाठी आता प्रयत्न होत आहेत, काही संवादक ते करतातही. परंतु उत्तर देण्याची घाई अजून गेलेली नाही. चुकीच्या चौकटीतला प्रश्न विचारला की चुकीच्या चौकटीतले उत्तर मिळते, याचे एक विचित्र उदाहरण अमेरिकेतील डॉक्टरांनी २०२५ मध्ये प्रसिद्ध केले. साठ वर्षांच्या एका गृहस्थाने मिठातील क्लोराइड वगळायचे ठरवले, चॅटजीपीटीचा सल्ला घेतला आणि तीन महिने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खाल्ले. भास आणि संशयाच्या अवस्थेत तो रुग्णालयात दाखल झाला. ब्रोमाइडची ही विषबाधा शंभर वर्षांपूर्वी सर्रास दिसे. आजच्या डॉक्टरांनी ती पाठ्यपुस्तकातच वाचलेली. क्लोराइडऐवजी ब्रोमाइड वापरता येते हे स्वच्छतेच्या रसायनांबाबत खरे असेलही. जेवणाच्या ताटाबाबत नाही.

मग उपयोग काय?

एवढे सगळे वाचून यंत्र बंद करून ठेवावे असे वाटेल. मला तसे वाटत नाही. शहरातला वाचक यंत्राची तुलना तज्ज्ञ डॉक्टरशी करतो. गावात ती तुलना अनेकदा काहीच न करण्याशी, शेजाऱ्याच्या सल्ल्याशी किंवा पदवी नसलेल्या माणसाने टोचलेल्या सुईशी असते. लाखांदूरच्या आतल्या गावातून नागपूर गाठायचे तर दिवसाची मजुरी, गाडीभाडे आणि सोबतीला एक माणूस लागतो. 'हे आज रात्रीच दाखवायला हवे की सोमवारपर्यंत थांबले तर चालेल?' या प्रश्नाचे बरे उत्तर मिळाले तरी पुष्कळ मिळाले. मात्र नेमक्या याच प्रश्नात ऑक्सफर्डच्या अभ्यासातील यंत्रे एकटीने विचारल्यावरही जेमतेम ५६ टक्के वेळा बरोबर ठरली होती, हेही ध्यानात ठेवावे लागते. नंतर आलेली प्रारूपे सुधारली असतील. पण श्वास लागणे, छातीत दडपण, शुद्ध हरपणे, एका बाजूची शक्ती जाणे, झटके, तान्ह्या बाळाचा ताप, गरोदरपणातील रक्तस्राव, सर्पदंशाची नुसती शंका, या गोष्टींत यंत्राला विचारण्यात वेळ घालवूच नये.

जेथे यंत्र खरोखर कामाला येते ती जागा वेगळी आहे आणि तिच्याकडे आपले लक्ष कमी जाते. रुग्णालयातून सुटी मिळताना हातात पडणारा इंग्रजी कागद घ्या. त्यातले निम्मे शब्द रुग्णाला कळत नाहीत आणि विचारायचा धीर होत नाही. नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक झाकून तो कागद यंत्राला दाखवला आणि सोप्या मराठीत समजावून मागितला तर उत्तर बहुधा फार चांगले येते. सिकलसेलच्या तपासणीत 'वाहक' म्हणजे काय आणि 'रुग्ण' म्हणजे काय, रक्तातली साखर दोन वेळा का तपासतात, क्षयाच्या गोळ्या बरे वाटू लागल्यावरही का सोडायच्या नाहीत, हे न कंटाळता, न रागावता दहा वेळा समजावून सांगणारे असे दुसरे कोणी सहज मिळत नाही. येथे ते स्थिरावलेली माहिती सांगत असते, अंदाज बांधत नसते. नाव झाकायचे ते यासाठी की आपले दुखणे आपल्या घरापुरते राहत नाही. २०२३ चा वैयक्तिक विदा संरक्षण कायदा असला तरी एकदा परक्या संगणकावर गेलेला कागद परत मागता येत नाही. लग्नाच्या वयातल्या मुलीच्या सिकलसेलच्या अहवालाबाबत हे किती नाजूक आहे, ते पूर्व विदर्भातील घरांना सांगायला नको.

लक्षणे विचारायचीच असतील तर विचारण्याची रीत बदलून पाहावी. रोगाचे नाव आपण सुचवू नये. 'डेंग्यू आहे का' असे विचारले की सगळे संभाषण डेंग्यूभोवती फिरत राहते. वय आणि लिंग तर द्यावेच, पण तालुका आणि महिना द्यावा, शेतात किंवा जंगलात जाणे झाले का ते द्यावे, झोपण्याची जागा, पाणी कुठले, आधीचे आजार, चालू औषधे, काढे-चाटणेही. आईचे शब्द तसेच ठेवावेत, इंग्रजी करू नयेत. कोणती तक्रार आधी सुरू झाली आणि कोणती मागाहून, हा क्रम लिहावा. आणि उत्तर मागण्याआधी एवढेच विचारावे : निदान सांगण्यापूर्वी तुला मला कोणते प्रश्न विचारायचे आहेत, आणि रुग्णाच्या अंगावर काय पाहायला हवे? वाचकांनी एकच दुखणे या दोन्ही रीतींनी विचारून पाहावे. उत्तरांतला फरक स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मिळालेले उत्तर कागदावर उतरवून डॉक्टरांपुढे ठेवायला हरकत नाही. काही डॉक्टर चिडतील, काही हसतील. पण तारखांसह, क्रमाने लिहिलेली लक्षणे कोणत्याही डॉक्टरला हवीच असतात. डॉक्टर जवळ नसेल तर ई-संजीवनी ही केंद्र सरकारची दूरवैद्यकीय सेवा आहे. २०२० च्या एप्रिलपासून रुग्णाला तेथे घरबसल्या, शुल्क न देता, हाडामांसाच्या डॉक्टरशी बोलता येते.

पुण्यातला तो मुलगा अजून पडद्याकडे पाहतो आहे. यंत्राने आता त्याला चार-पाच प्रश्न विचारले आहेत आणि त्यातला एक आहे, अंगावर कुठे काळी खपली किंवा पुरळ आहे का. याचे उत्तर त्याच्याजवळ नाही. आई डोळ्यांनी अधू, शिवाय मुलाला काखेचे, जांघेचे सांगायला संकोचणारी. पण गावात आशा सेविका असते. तिचा नंबर आईच्या फोनमध्ये असतोच. मलेरियासाठी रक्ताचा नमुना घेणे तिला येते, गावात अशा तापाचे आणखी किती जण आहेत हे तिला ठाऊक असते, आणि मुख्य म्हणजे ती घरात जाऊन, दार लावून, आईचे अंग एकदा नीट पाहू शकते. मुलगा यंत्र तसेच उघडे ठेवतो आणि आधी तिला फोन लावतो.